लेबल-फ्री मोजणीचा बाजार पुढे कसा राहील? जळगाव-धुळ्यात सेवा लॅब काढायची तर आधी काय घ्यावं?

तापीकाठ_फार्मा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. धुळे-शिरपूर भागात फार्मसी शिकवणारे आम्ही तिघं आणि जळगाव एमआयडीसीतले एक उद्योजक मिळून औषधशोधासाठी लेबल-फ्री मोजणीची सेवा देणारी लॅब काढायचा विचार करतोय. रेणू प्रथिनाला चिकटतो का, किती घट्ट चिकटतो आणि सुटायला किती वेळ घेतो, हे चमकणारा रंग किंवा किरणोत्सारी खूण न लावता मोजून द्यायचं, एवढंच काम.

आपल्या भागातल्या कॉलेजांतून दरवर्षी डॉकिंगचे ढीगभर प्रबंध निघतात. संगणकावर रेणू प्रथिनात बसलेला दिसतो, पण प्रत्यक्ष चिकटतो का ते कुणी मोजत नाही, कारण सोय पुण्या-मुंबईत किंवा हैदराबाद-बेंगळुरूला. ही मागणी आमच्या डोळ्यासमोर आहे. उद्योजक मित्राला मात्र कंपन्यांची कामं हवी आहेत.

विचारायचं असं: पुढच्या पाच-सात वर्षांत या तंत्राला मागणी कुठून येईल? सरफेस प्लास्मॉन रेझोनन्स, म्हणजे एसपीआर (चिपवर प्रथिन बसवून वरून रेणू वाहवतात), घ्यावं की बायोलेयर इंटरफेरोमेट्री, म्हणजे बीएलआय (सेन्सरची टोकं नमुन्यात बुडवतात)? आणि मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन, विजेची ये-जा, बोअरचं जड पाणी, यात ही यंत्रं टिकतात का? बाजाराचे अहवाल चाळले, पण दोन अहवालांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

मुळाकाठ_बायोटेक

आकडे जुळत नाहीत कारण यादीत काय धरलं ते प्रत्येकाचं वेगळं. एका अहवालात फक्त एसपीआर, बीएलआय आणि कॅलरीमेट्री, म्हणजे चिकटतानाच्या उष्णतेची मोजणी, असते. दुसऱ्यात पेशींची इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) मोजणी, रेणूंचं वजन मोजणारी मास स्पेक्ट्रोमेट्री, वर चिपा, सेन्सर, सॉफ्टवेअर आणि दुरुस्तीचे करारही असतात. म्हणून वाढीचा टक्का नंतर बघा. आधी उपभोग्य माल आणि सेवाकरार धरलेत का, ते बघा. या धंद्यात यंत्र एकदाच विकलं जातं. चिपा आणि सेन्सर वर्षानुवर्षं विकले जातात.

बाजाराची दिशा मला अहवालांपेक्षा कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत जास्त स्पष्ट दिसते. बायाकोर ही एसपीआरची जुनी शाखा स्वीडनमध्ये फार्मेशियाने १९८४ मध्ये सुरू केली, पहिलं यंत्र १९९० मध्ये बाजारात आलं. २००६ मध्ये ती जीईकडे गेली आणि २०२० मध्ये जीईचा बायोफार्मा विभाग डॅनहरने घेतला, त्याचंच नाव आज सायटिव्हा. त्या वेळी डॅनहरच्या घरात ऑक्टेट ही बीएलआयची यंत्रंही होती. दोन्ही एका मालकाकडे राहिली असती तर स्पर्धा फार घटली असती. म्हणून स्पर्धा-नियामकांच्या अटीनुसार ऑक्टेटसह काही विभाग सार्टोरियसला विकावे लागले, तो एकूण व्यवहार ७५ कोटी डॉलरचा. पेशींची इम्पिडन्स मोजणारी एसिया २०१८ मध्ये अ‍ॅजिलेंटने घेतली. माल्व्हर्नने (आजची माल्व्हर्न पॅनालिटिकल) २०१४ मध्ये मायक्रोकॅलची कॅलरीमेट्री घेतली आणि २०२२ मध्ये लेबल-फ्री यंत्रं बनवणारी क्रिऑप्टिक्स. बायोफार्मा कारखान्यांना माल पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्यांना हे तंत्र आपल्या घरात हवं आहे, कारण त्यांचं गिऱ्हाईक ते रोज वापरतं. तुमच्यासाठी याचा अर्थ असा की सेन्सरच्या किमतीवर तुमचा ताबा राहणार नाही. यंत्राची घासाघीस चालू असतानाच चिपा-सेन्सरचे निदान तीन वर्षांचे दर लेखी घ्या. नंतर कुणी देत नाही.

मागणी कुठून? सगळ्यात भक्कम अँटिबॉडी आणि बायोसिमिलर, म्हणजे मूळ जैविक औषधाशी मिळतीजुळती औषधं. तिथे बाइंडिंगचा, म्हणजे चिकटण्याचा, आकडा नियामकाला दाखवायच्या कागदात जातो, म्हणून ते काम मंदीतही थांबत नाही. दुसरी मागणी नवी आहे. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल प्रथिनांची रचना संगणकाने ओळखणं आणि घडवणं यासाठी बेकर, हसाबिस आणि जम्पर यांना मिळालं. आता संगणक एका आठवड्यात शेकडो अँटिबॉडी सुचवतो आणि त्यातली प्रत्येक कुणीतरी मोजावी लागते. एकाच वेळी ३८४ अँटिबॉडी चिपवर बसवून मोजणारी कार्टेरासारखी यंत्रं याच गरजेतून चालतात. मोजलेला डेटा परत संगणकाला शिकवायला लागतो, म्हणून ही मागणी संगणक हुशार झाल्याने घटणारी नाही.

तिसरी मागणी छोट्या रेणूंची. तीनशे डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) आतले तुकडे शोधून त्यांना वाढवत औषध करायची पद्धत आता रुळली आहे. वेमुराफेनिब २०११ मध्ये आणि व्हेनेटोक्लॅक्स २०१६ मध्ये मंजूर झालं, दोन्हींची मुळं तुकड्यांत. असे तुकडे मिलिमोलर पातळीवर ढिले चिकटतात आणि नेहमीच्या एन्झाइम चाचणीत अनेकदा सुटून जातात. डीएनए-खुणेच्या ग्रंथालयांतून, म्हणजे प्रत्येक रेणूला ओळखीसाठी डीएनए जोडलेल्या संग्रहांतून, मिळालेले रेणू डीएनए काढून पुन्हा बनवले की त्यांची खात्री अनेकदा एसपीआरवर करतात. प्रोटॅकमध्ये, म्हणजे लक्ष्य प्रथिन पेशीकडूनच नष्ट करवणाऱ्या रेणूंमध्ये, तर रेणू, लक्ष्य प्रथिन आणि त्याला नष्ट करायची खूण लावणारं लायगेज एन्झाइम असं त्रिकूट किती टिकतं हा मुख्य प्रश्न, तोही इथेच सुटतो.

कशावर पैसे लावू नयेत तेही सांगतो. अख्ख्या पेशीतलं वस्तुमान प्रकाशाने सरकताना बघायची पद्धत काही वर्षांपूर्वी जीपीसीआर, म्हणजे पेशीच्या आवरणावरच्या रिसेप्टरांच्या एका मोठ्या गटासाठी गाजली होती. सिग्नल सुंदर येतो, पण तो पेशीतल्या दहा घडामोडींची बेरीज असतो, उलगडायला माणूस लागतो. सेवा लॅबने त्यात पडू नये. मास स्पेक्ट्रोमेट्री मात्र गंभीर स्पर्धक आहे. सहसंयुज बंध करणारे रेणू असतील तर प्रथिनाचं वजन किती वाढलं हे थेट दिसतं, तिथे एसपीआरचा हट्ट धरू नये.

माझं मत: बाजार वाढेल, पण वाढीतला मोठा वाटा यंत्र विकणारे आणि बेंगळुरू-हैदराबादच्या मोठ्या कंत्राटी संशोधन कंपन्या घेतील. तुम्हाला जागा आहे ती प्रथिन तयार करून, चाचणी बसवून, विश्वासाचा आकडा देण्यात.

चिप_आणि_बफर

वरच्या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत. एसपीआर की बीएलआय हा वाद नंतरचा. बिघडलेल्या प्रयोगांपैकी बहुतेकांत दोष यंत्राचा नसून प्रथिनाचा असतो. ९५ टक्के शुद्ध, साइझ एक्सक्लुजनवर (आकारानुसार वेगळं करणाऱ्या कॉलमवर) एकच शिखर, गोळा झालेला भाग नाही, आणि सक्रिय, एवढं नसेल तर कुठलंही यंत्र घ्या, आकडा खोटाच येणार.

सक्रिय किती ते असं काढा. चिपवर जे बसवलं त्याला या धंद्यात लिगंड म्हणतात आणि वरून वाहतं ते अ‍ॅनालाइट. जास्तीत जास्त सिग्नल म्हणजे अ‍ॅनालाइटचं वजन भागिले लिगंडचं वजन, गुणिले बसवलेला सिग्नल. ३०,००० डाल्टनचं प्रथिन ६,००० आरयू (एसपीआरच्या सिग्नलचं एकक) बसवलं आणि ३०० डाल्टनचा रेणू सोडला, तर कमाल ६० आरयू दिसायला हवेत. माहितीतला चांगला रेणू सोडून १५ च दिसले, तर प्रथिनाचा चौथा भागच जिवंत आहे. उलट १५० दिसले तर रेणू गोळा होऊन चिकटतोय, तो आनंद मानायचा नाही. एक आरयू म्हणजे चौरस मिलिमीटरला साधारण एक पिकोग्रॅम प्रथिन, हे लक्षात ठेवलं की किती सूक्ष्म मोजमाप चाललंय याचा अंदाज येतो.

प्रथिन त्याच्या अमाइन गटांमधून चिपला जोडायची, म्हणजे अमाइन जोडणीची, नेहमीची रीत: चिप सक्रिय करणारी दोन रसायनं, ०.४ मोलर ईडीसी आणि ०.१ मोलर एनएचएस, आयत्या वेळी समप्रमाणात मिसळायचं, ७ मिनिटं, मिनिटाला १० मायक्रोलिटर. मग प्रथिन १० मिलिमोलर सोडियम अ‍ॅसिटेटमध्ये, पीएच ४.० ते ५.५ मधला, प्रथिनाच्या समविद्युत बिंदूच्या खालचा. शेवटी १ मोलर इथेनॉलअमाइन, पीएच ८.५, ७ मिनिटं. नवखे लोक इथे दोन ठिकाणी अडकतात. प्रथिन ट्रिस बफरमध्ये आलेलं असतं, त्यातले अमाइन स्वतःच चिपवर बसतात आणि प्रथिनाला जागा उरत नाही. आणि ईडीसी ओलावा खाऊन मेलेलं असतं. ते वजन करून एकेका वापराच्या छोट्या कुप्यांत उणे २० वर ठेवा, एकदा उघडलेली कुपी परत ठेवू नका. प्रथिनाच्या सक्रिय जागेतच लायसिन असेल तर ही जोडणीच टाळा. एव्ही टॅग (बायोटिन ठरावीक जागीच जोडू देणारं छोटं शेपूट) लावून बायोटिन जोडलेलं प्रथिन, बायोटिनला घट्ट धरणाऱ्या स्ट्रेप्टाव्हिडिनवर बसवा.

छोट्या रेणूंमध्ये सगळ्यात जास्त वेळ डीएमएसओ, म्हणजे रेणू विरघळवायचं द्रावक, खातं. नमुन्यात आणि वाहत्या बफरमध्ये डीएमएसओचा फरक ०.१ टक्का पडला तरी सुमारे १०० आरयूची उडी येते, आणि तुम्ही शोधताय १०-२० आरयू. म्हणून १०० टक्के डीएमएसओतल्या साठ्यातून नमुने करताना पहिला टप्पा डीएमएसओ नसलेल्या, जास्त तीव्रतेच्या बफरने, जेणेकरून अंतिम डीएमएसओ बरोबर ५ टक्के येईल; पुढचे सगळे टप्पे त्याच ५ टक्क्यांच्या वाहत्या बफरने. शिवाय ४.५ ते ५.८ टक्क्यांमधले आठ बिंदू लावून दुरुस्तीचा आलेख प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी. डीएमएसओची बाटली उघडी राहिली की हवेतलं पाणी ओढते. पावसाळ्यात हा घोटाळा जास्त.

गतिशास्त्र, म्हणजे चिकटण्या-सुटण्याचा वेग, मोजताना लिगंड कमी बसवा आणि प्रवाह मिनिटाला ३० मायक्रोलिटर किंवा त्याहून जास्त ठेवा. प्रवाह १५, ३०, ७५ करून बघा. चिकटण्याचा वेग प्रवाहाबरोबर बदलत असेल तर तुम्ही बाइंडिंग मोजत नसून रेणू पृष्ठभागापर्यंत पोचायचा वेळ मोजताय.

आता बीएलआय. तिथे वाहता बफर नाही, सेन्सरची टोकं ९६ खणांच्या प्लेटमध्ये बुडतात, प्रत्येक खणात २०० मायक्रोलिटर. नळ्या तुंबत नाहीत, कच्चा कल्चर सूपही चालतो, शिकवायला सोपं. आठ सेन्सरच्या यंत्रात ६० सेकंद बेसलाइन, ३०० लोडिंग, १२० परत बेसलाइन, ३०० चिकटणं, ६०० सुटणं, म्हणजे २३ मिनिटांत सात तीव्रता आणि एक संदर्भ होतो. ९६ सेन्सरच्या ट्रेमध्ये असे १२ प्रयोग. सेन्सर आधी १० मिनिटं बफरमध्ये भिजवणं विसरू नका, नाहीतर बेसलाइन सरकत राहते.

मर्यादा दोन. तीनशे डाल्टनच्या खालच्या रेणूंचा सिग्नल फार लहान येतो, तुकड्यांच्या छाननीसाठी मी बीएलआय सुचवणार नाही. आणि फार घट्ट चिकटणाऱ्या अँटिबॉडी. सुटण्याचा दर सेकंदाला १०⁻⁵ असेल तर ५ टक्के सुटायलाच ८५ मिनिटं लागतात. तोवर उघड्या प्लेटमधलं पाणी उडतं, काठावरच्या खणांत जास्त, आणि आलेख वाकतो. खान्देशच्या कोरड्या उन्हाळ्यात हे हमखास घडेल. अशा नमुन्यांना एसपीआरच.

भुसावळ_इन्स्ट्रुमेंट

यंत्रं टिकतात, पण खोली आधी बांधायची आणि यंत्र नंतर आणायचं.

तापमानाचं गणित बघा. पाण्याचा अपवर्तनांक एका अंशाला साधारण १०⁻⁴ ने बदलतो, आणि एक आरयू म्हणजे १०⁻⁶. म्हणजे एका अंशाला १०० आरयू. यंत्र आतून तापमान धरून ठेवतं, पण खोली दुपारी २३ वरून २९ वर गेली तर त्यालाही झेपत नाही, बेसलाइन तिरकी होते. बऱ्याच बीएलआय मॉडेलांत प्लेट गरम करता येते, थंड करता येत नाही. खोलीपेक्षा साधारण ४ अंश वरच चालतं. खोली ३२ झाली की २५ अंशांचा प्रयोग होणारच नाही. मॉडेल ठरवताना थंड करायची सोय आहे का ते विचारा, आपल्याकडे ती चैन नव्हे.

डेझर्ट कूलर लॅबच्या आसपासही नको, ओल आणि धूळ दोन्ही आणतो. दोन एसी, आलटून पालटून चालणारे. एसीची टनांतली क्षमता बाहेर ३५ अंश धरून लिहिलेली असते, ४५ ला ती खाली येते. म्हणून ५२ अंशांपर्यंत चालणारं मॉडेल घ्या आणि हिशोबापेक्षा निदान एक टन जास्त धरा. पश्चिमेची भिंत यंत्राला देऊ नका. थंड हवेचा झोत थेट यंत्रावर नको, तोही बेसलाइन हलवतो.

वीज: ऑनलाइन डबल कन्व्हर्जन यूपीएस, साधा इन्व्हर्टर नाही. रात्रभर चालणाऱ्या फेऱ्या असतात. ३८४ रेणू प्रत्येकी ५ मिनिटं धरले तरी ३२ तास होतात, मध्ये अर्धा सेकंद वीज गेली की सगळी प्लेट वाया. यूपीएसला निदान अर्ध्या तासाची बॅटरी, मागे जनरेटर, आणि एसीसुद्धा जनरेटरवर. यंत्र यूपीएसवर चालू आणि एसी बंद, अशा अवस्थेत आलेला डेटा फेकून द्यावा लागतो. अर्थिंग यंत्रासाठी वेगळं. न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज २ च्या खाली हवा, तो यंत्र बसवायच्या दिवशी नव्हे तर मे महिन्यात मोजा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, इलेक्ट्रोडभोवतीची पकड सुटते आणि अर्थिंग ढिलं पडतं. खड्ड्यात पाणी सोडायचं काम शिपायाच्या वेळापत्रकात लिहून ठेवा.

पाणी: बोअरचं पाणी थेट आरओला देऊ नका, मेम्ब्रेन महिन्यांत बसतं. आधी सॉफ्टनर, मग आरओ, मग १८.२ मेगाओमचं पॉलिशिंग. बफर ०.२२ मायक्रॉनने गाळा आणि डीगॅस करा, म्हणजे त्यात विरघळलेली हवा काढा. फ्रिजमधून काढलेला बफर लगेच जोडला की गरम होताना हवा सुटते, बुडबुडा चिपवर येतो आणि आलेखात उभी सुई दिसते. रात्रभर खोलीत ठेवून मग वापरा. आठवड्याला यंत्राची निर्जंतुक धुलाई चुकवली तर उन्हाळ्यात नळ्यांत जीवाणूंचा थर लवकर धरतो. इंजिनिअर पुण्या-मुंबईहून येणार आहे, एकदा यायला दोन दिवस गेले तर किती काम अडेल याचा हिशोब करूनच करार करा. वार्षिक सर्वसमावेशक करार यंत्राच्या किमतीच्या साधारण दहाव्या भागाच्या आसपास जातो, तो धंद्याच्या गणितात पहिल्या दिवसापासून धरा.

आणखी एक, नमुने ड्राय आइसवर मागवता तेव्हा. झाकण नीट बंद नसेल तर कार्बन डायऑक्साइड कुपीत शिरतो आणि वितळताना बफर आम्ल होतं. पार्सल आलं की कुप्या एक दिवस उणे ८० वर ठेवा, मग वितळवा. पाठवणाऱ्याला कुप्या पॅराफिल्मने बंद करायला सांगा. थर्मोकोलच्या साध्या खोक्यात चोवीस तासांना साधारण ५ किलो ड्राय आइस लागतो. मे महिन्यात त्याच्या दीडपट भरा.

क्यूसी_नर्मदा

बायोसिमिलरच्या कामाबद्दल, कारण उद्योजक मित्राची नजर तिकडे असणार.

भारतात सिमिलर बायोलॉजिक्सची मार्गदर्शक तत्त्वं २०१२ मध्ये आली, २०१६ मध्ये सुधारली. मूळ औषधाशी बाइंडिंगची तुलना हा त्यातला ठरलेला भाग. अँटिबॉडी असेल तर लक्ष्याशी बाइंडिंग, शिवाय अँटिबॉडीच्या शेपटाला धरणारे शरीरातले रिसेप्टर, एफसी-गॅमा आणि एफसीआरएन. एफसीआरएनचं बाइंडिंग पीएच ६.० ला मोजतात आणि ७.४ ला सुटतं का ते दाखवतात. अँटिबॉडी रक्तात किती दिवस टिकेल ते यावर अवलंबून असतं. एफसी-गॅमा-३ए मध्ये १५८ व्या जागी व्हॅलिन आणि फिनाइलअ‍ॅलनिन असे दोन प्रकार असतात, दोन्ही मोजावे लागतात. अँटिबॉडीवरच्या साखरेच्या साखळीतला फ्युकोज कमी-जास्त झाला की हा आकडा पटकन हलतो, म्हणून कारखान्यातली बॅच बदलली की ही चाचणी सगळ्यात आधी ओरडते.

अमेरिकन फार्माकोपियात एसपीआरवर ११०५ क्रमांकाचं स्वतंत्र प्रकरण आहे. पद्धतीची वैधता आयसीएच क्यू२ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेच्या २०२३ च्या आवृत्तीनुसार. सॉफ्टवेअरला ऑडिट ट्रेल (कुणी कधी काय बदललं त्याची नोंद) आणि २१ सीएफआर भाग ११ या इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या अमेरिकन नियमाची सोय लागते, आणि ती बहुतेक वेळा वेगळा परवाना म्हणून विकत घ्यावी लागते. कोटेशनमध्ये ती ओळ नसेल तर नंतर जड जातं. निकाल केडी (किती घट्ट चिकटतं त्याचा आकडा) म्हणून न देता संदर्भ बॅचच्या तुलनेत टक्क्यांत द्या. दोन लॅबमधले केडी जुळवणं अवघड, तुलनात्मक टक्का जुळतो.

पण बॅच बाजारात सोडायची चाचणी नव्या लॅबला कुणी देत नाही. कंपनी आधी ऑडिट करते, कागद बघते, माणसं बघते. तुम्हाला मिळू शकेल ते क्लोन निवडीच्या टप्प्याचं काम, म्हणजे शेकडो नमुन्यांत अँटिबॉडी किती आहे ते प्रोटीन-ए सेन्सरवर मोजणं आणि सुटण्याच्या वेगानुसार क्रम लावणं. हे बीएलआयचं हक्काचं काम आहे, कागदपत्रांचा भार कमी आणि नमुने जास्त. अहमदाबाद आणि पुणे दोन्हीकडे जळगावहून नमुना एका रात्रीत पोचतो, ही तुमची खरी जमेची बाजू. आयएसओ १७०२५ या प्रयोगशाळांच्या मानकासाठी एनएबीएल या मान्यता देणाऱ्या संस्थेकडे पहिल्याच वर्षी तयारी सुरू करा. पुढे जीएलपी, म्हणजे उत्तम प्रयोगशाळा पद्धतीचं प्रमाणपत्र, हवं असेल तर तो अधिकार विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या राष्ट्रीय प्राधिकरणाकडे आहे. २०११ पासून भारत ओईसीडीच्या परस्पर-मान्यता व्यवस्थेत असल्याने ते प्रमाणपत्र परदेशातही चालतं.

केळी_आणि_लेक्टिन

कॉलेजांच्या मागणीबद्दल. आपल्याकडच्या नमुन्यांत निम्मे वनस्पतींचे अर्क असणार. लेबल-फ्रीचा फायदा इथे खरा आहे, कारण हळदीतला कुर्क्युमिन स्वतःच चमकतो आणि फ्लुओरेसन्सच्या चाचण्या बिघडवतो. पण अख्खा अर्क चिपवर सोडू नका. टॅनिन प्रत्येक प्रथिनाला चिकटतात, सिग्नल भरपूर येतो आणि अर्थ काहीच निघत नाही. नियम करा: शुद्ध संयुग, मास स्पेक्ट्रमसह, नाहीतर नमुना परत. संशयित रेणू ०.०१ टक्का ट्रायटन घालून पुन्हा मोजा. गोळे होऊन चिकटत असेल तर सिग्नल कोसळतो. शिवाय असंबंधित प्रथिनाचा, उदाहरणार्थ बीएसए या गाईच्या रक्तातल्या साध्या प्रथिनाचा, संदर्भ चॅनेल प्रत्येक वेळी ठेवा.

शिकवायला जळगावच्या केळ्यासारखं साधन नाही. केळ्यात बॅनलेक नावाचं, मॅनोज ही साखर ओळखणारं लेक्टिन (साखरेला धरणारं प्रथिन) असतं, सुमारे १५ किलोडाल्टनची दोन उपएककं. विषाणूंच्या साखरेला ते धरतं म्हणून त्याच्यावर जगभर काम चालू आहे. एच८४टी हा बदललेला प्रकार २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात विषाणूरोधी गुण ठेवून पेशींना भडकवण्याचा गुण कमी केला होता. मात्र सावधान. नेहमीच्या चिपवरचा थर कार्बोक्सिमिथिल डेक्स्ट्रानचा, म्हणजे ग्लुकोजचाच, आणि बॅनलेक ग्लुकोजही ओळखतं. लेक्टिन वाहतं ठेवलं तर ते रिकाम्या चॅनेललाही चिकटण्याची भीती. डेक्स्ट्रान नसलेली सपाट चिप घ्या, किंवा लेक्टिन बसवून ग्लायकोप्रथिन वरून सोडा. विद्यार्थ्याला पृष्ठभाग आणि संदर्भ चॅनेल या दोन गोष्टी याहून चांगल्या कशाने कळणार नाहीत.

तापीकाठ_फार्मा

सर्वांचे मनापासून आभार. आधी प्रथिन आणि क्लोन निवडीची बीएलआयची कामं, म्हणजे पहिल्या वर्षी एसपीआर नको, असा अर्थ मी घेतोय. मग सुरुवात नक्की कशाने करावी, आणि कॉलेजांना दर कसा लावावा?

चिप_आणि_बफर

पहिला खर्च प्रथिनावर: शेकर इनक्युबेटर, सोनिकेटर, निकेल आणि साइझ एक्सक्लुजन कॉलमसह एक क्रोमॅटोग्राफी यंत्र, उणे ८० चा फ्रीझर. कोरोनाच्या काळात अनेक ठिकाणी आरटी-पीसीआर यंत्रं आली, ती आज रिकामी उभी आहेत. त्यावर सायप्रो ऑरेंज लावून प्रथिन वितळण्याचं तापमान बघा: २५ मायक्रोलिटर, प्रथिन २ ते ५ मायक्रोमोलर, रंग ५एक्स, मिनिटाला १ अंश, २५ ते ९५ पर्यंत. हे लेबल-फ्री नाही, पण प्रथिन नीट घडी घातलेलं आहे का आणि रेणूमुळे स्थिर होतं का ते स्वस्तात कळतं. रंगीत रेणू इथे फसवतात, तेवढेच पुढे नॅनोडीएसएफला (रंग न लावता वितळणं मोजणाऱ्या यंत्राला) पाठवा, ते प्रथिनातल्या ट्रिप्टोफॅनच्या स्वतःच्या ३३० आणि ३५० नॅनोमीटरच्या प्रकाशावर चालतं, १० मायक्रोलिटरची केशनळी पुरते.

पहिलं मोजणीचं यंत्र आठ सेन्सरचं, थंड करता येणारं बीएलआय. एसपीआर लागेल तेव्हा आय-स्टेम या संशोधन यंत्रांच्या सरकारी पोर्टलवर सरकारी संस्थांतली यंत्रं तासाच्या दराने मिळतात. पुण्याच्या व्हेंचर सेंटरकडेही बायोफार्मा विश्लेषणाची सेवा आहे. नवं स्वयंचलित एसपीआर कोटींच्या घरात जातं आणि एक चिप पाच अंकी रकमेला पडते. बाहेर मोजून घेतलेल्या कामाचं बिल वार्षिक देखभाल-कराराच्या वर जाऊ लागलं, की स्वतःचं यंत्र घ्यायचा विचार करा, त्याआधी नको. कल्पना नवी असेल आणि कंपनी स्थापन करत असाल तर बायरॅक या जैवतंत्रज्ञानाला मदत करणाऱ्या सरकारी संस्थेच्या बिग योजनेत ५० लाखांपर्यंत, १८ महिन्यांसाठी अनुदान आहे. मात्र ते नव्या कल्पनेला मिळतं, नुसत्या सेवा लॅबला नाही.

दर नमुन्यामागे लावू नका. चाचणी बसवण्याचा एक दर, आणि बसल्यावर प्रत्येक रेणूचा वेगळा दर. चाचणी बसवण्यात प्रथिन, दोन-तीन पृष्ठभागांची तुलना, सेन्सर पुन्हा वापरता येतो का त्याची छाननी (१० मिलिमोलर ग्लायसिन, पीएच ३.० पासून २.० पर्यंत खाली उतरत, प्रत्येकी ३० सेकंद) आणि माहितीतल्या रेणूचा आकडा, एवढं धरा. एका रेणूला आठ सेन्सर पकडून हिशोब करा. सेन्सर दहा वेळा धुऊन वापरता आला तर तो खर्च दहाव्या भागावर येतो, पण पहिल्या आणि दहाव्या वेळच्या सिग्नलमध्ये १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला तर ती फेरी बाद. कॉलेजांसाठी एकाच प्रथिनाची फेरी जाहीर करा, उदाहरणार्थ कार्बॉनिक अनहायड्रेज. बाजारात शुद्ध मिळतं आणि फ्युरोसेमाइड, अ‍ॅसिटाझोलामाइडसारखे माहितीतले रेणू तुलनेला आहेत. चार कॉलेजांचे रेणू एका फेरीत बसले की चाचणी बसवण्याचा खर्च चौघांत वाटला जातो. हे प्रथिन २९ किलोडाल्टनचं आणि हे रेणू दोन-तीनशे डाल्टनचे, त्यामुळे बीएलआयवर सिग्नल लहान येईल. सुपर स्ट्रेप्टाव्हिडिन सेन्सर घ्या, भरपूर लोड करा, आणि प्रथिन नसलेला पण बायोसायटिनने (बायोटिनसारख्या छोट्या रेणूने) बंद केलेला सेन्सर दुहेरी संदर्भाला ठेवा.

विक्रेत्याला प्रात्यक्षिक मागताना त्याचा नमुना किट नको. तुमचं स्वतःचं प्रथिन, तुमचा सगळ्यात लहान रेणू, तुमची खोली, आणि शक्य असेल तर एप्रिलच्या शेवटचा आठवडा.